उकळीचं माप

सुमनताईंनी ओंजळभर साखर चहाच्या पातेल्यावर धरली आणि सुजितने मधेच वजनकाटा सरकवला.

"ताई, आधी यात टाका."

काट्याने एकशे ऐंशी ग्रॅम दाखवले. काल याच ओंजळीत दोनशे दहा मावली होती.

"काल जास्त कशी?"

"काल रातपाळी सुटताना केला हुता. दमल्या माणसाला गोड लागतं."

निघोज्याच्या या कारखान्यात नट किती पिळायचा तेही कागदावर असे. आता कॅन्टीनची पाळी आली होती. ठेकेदार दौलतरावांचं गणित सरळ होतं. चहाच्या मापांचा तक्ता भिंतीवर लागला की कमी पगारावरचं कुणीही चहा करील आणि एकोणीस वर्षं शेगडी सांभाळणाऱ्या सुमनताईंना घरी बसवता येईल. सुमनताईंना हे ठाऊक होतं, कारखान्याने तक्ता करायला नेमलेल्या सुजितलाही.

घोडं अडलं होतं ते उकळीपाशी. सुजितने तापमापी बुडवली. अठ्ठ्याण्णव. पाच मिनिटांनी पुन्हा अठ्ठ्याण्णव. मग सुमनताईंनी एकदम गॅस बंद केला.

"आत्ताच का?"

"आवाज जड झाला की."

सुजितने कान पुढे केला. त्याला पलीकडच्या प्रेसचा धडधडाट तेवढा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः चहा केला, सगळं तोलून, घड्याळ लावून बरोबर सात मिनिटं. माणसांनी अर्धे कप तसेच ठेवले. फिटर नवनाथ जाता जाता म्हणाला, "साहेब, आज चहाची तब्येत बरी नाही वाटतं."

सुजितला लाज वाटली. सुमनताईंना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. पण उरलेला चहा मोरीत ओतताना त्यांचा जीव तुटला. त्यांनी नवं पातेलं चढवलं आणि सुजितला जवळ बोलावलं.

"डोळं मिटा, सायेब. आदी पान्यासारखं वाजंल. मग दाट. नीट ऐका आन् लिवा. माझ्यामागं जी येईल तिचा तरी चहा असा टाकू नये कुनी."

सुजित डोळे मिटून उभा राहिला. बराच वेळ. आवाज कधी बदलला ते त्याला कळलं नाही. गॅस त्यांनीच बंद केला.

संध्याकाळी त्याने तक्ता पुरा केला. शेवटचा रकाना होता मोजण्याच्या साधनाचा. त्यातलं साधन जागेवर नसेल तर काम सुरू करायचं नाही, हा कारखान्याचा नियम होता आणि तो ठेकेदारांनाही लागू होता. साखरेपुढे त्याने वजनकाटा लिहिला, दुधापुढे लिटरचं माप. उकळीपुढे त्याचं पेन थोडं थांबलं. मग त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: सुमन ज्ञानोबा येळवंडे यांचा कान.

मॅनेजरसाहेबांनी तक्ता दोनदा वाचला. समोरच्या कपातला सुमनताईंचा चहा संपवला आणि सही केली.