तिसरं नोझल

भट्टीतला तापलेला वायू उंच मनोऱ्यातून खाली येतो, तेव्हा त्यावर पाणी फवारून त्याला निववायचं, म्हणजे पुढच्या गाळणीच्या कापडी पिशव्या जळत नाहीत. सांगायला सोपं. पण थेंब जाड पडला की वाटेत त्याची वाफ होत नाही. तळाशी चिखल होतो आणि वायू तापलेला तो तापलेलाच. म्हणून कारखान्यातल्या एका फिटरच्या शिकलेल्या सुनेनं हिय्या करून मॅनेजरांना सांगितलं होतं, फवाऱ्याची जुनी तोंडं, म्हणजे नोझल, काढा, माझी बारीक तुषारांची बसवा. मॅनेजरांनीही रोखठोक बजावलं होतं, की चाचणीत आकडा दोनशे अंशांना टेकला तर मी भट्टी बंद करीन आणि तुमची नोझल भंगारात जातील.

आता चाचणी चालू होती, आणि आकडा एकशे ऐंशीच्या पुढे सरकत होता.

 एक जादा नोझल मुठीत धरून सून मनोऱ्याचा लोखंडी जिना धावतच चढली. वरच्या माचीवर तिचे सासरे उभे होते, कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. सुनेच्या शिक्षणाला त्यांनी घरी ‘भोकं पाडायचा धंदा’ असं नाव ठेवलं होतं. नोझल साफ करताना तार घालायची नाही, लाकडी काडीच वापरायची, असं तिनं सगळ्या फिटरांना बजावलं, तेव्हा मागून यांनीच विचारलं होतं, नोझलचे दात कोरायचे का? सगळे खो खो हसले होते.

तिनं मनोऱ्याच्या भिंतीतल्या काचेतून आत पाहिलं. दोन नोझलांचं धुकं छान पसरलं होतं. तिसऱ्यातून मात्र सरळ धार सुटून भिंतीवर आपटत होती.

तिनं खाली फोन करून सांगितलं, तिसरं बदलते, तोवर आकडा चढेल, पण धीर धरा. दोनशेपर्यंतच, मॅनेजर म्हणाले, आणि फोनवरून आकडे वाचू लागले.

सासऱ्यांनी तिसऱ्याचं पाणी तोडून त्याची नळी बाहेर ओढून काढली. एकशे नव्वद. नोझलच्या तोंडावर खोल ओरखडा होता. सुनेनं मान वर केली. सासऱ्यांची नजर खाली गेली.

"तोंडाशी क्षार धरला होता," ते पुटपुटले. "काल तार घालून काढला. म्हटलं, उद्या तुझी फजिती नको व्हायला."

तिला संताप आला. पण बोलायला वेळ नव्हता. ती नवं नोझल बसवू लागली, पण आटे धरत नव्हते. एकशे शहाण्णव. सासऱ्यांनी तिच्या हातातून पाना घेतला, एका झटक्यात नोझल आवळलं, नळी आत सारून पाणी सोडलं. एकशे अठ्ठ्याण्णव. पुन्हा अठ्ठ्याण्णव. मग एकशे नव्वद, आणि आकडा उतरतच गेला.

मॅनेजर धापा टाकत वर आले. एका दिवसात बिघडणारं नाजूक सामान आपल्याला परवडणार नाही, म्हणाले. की कुणी हात लावला होता?

सासऱ्यांच्या कामाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. सुनेनं बिघडलेलं नोझल मुठीत घट्ट आवळलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "साफ कसं करायचं, ते फिटरांना सांगायचं राहिलं."

सासऱ्यांनी तिची मूठ उघडली आणि नोझल मॅनेजरांच्या हातावर ठेवलं.

"सांगितलं होतं, साहेब. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. घरचीच सून, तिचं काय ऐकायचं, म्हणून मी हसण्यावारी नेलं."