कड्यांमधली जोडवी

आत्या आंघोळीला गेली तेव्हा आई माझ्याजवळ आली आणि तिनं मूठ उघडली. तळहातावर तिची जोडवी होती. दुसऱ्या हातात अप्पांच्या चिनी कड्या होत्या.

“ह्यात घाल,” ती म्हणाली.

अप्पा बसवकल्याणला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. कड्या त्यांनी हैदराबादच्या प्रदर्शनातून आणल्या होत्या. सळीचा बोटभर रुंदीचा लांबट फासा, त्याच्या एका टोकाला लाकडी मूठ, आणि फाशावर चढलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या नऊ कड्या. फासा मोकळा करायचा, एवढंच. टोकाची कडी कधीही निघते. बाकीच्यांचं तसं नाही. एखादी काढायची तर तिच्या अगदी पुढची चढलेली हवी आणि तिच्याही पुढच्या सगळ्या उतरलेल्या. त्यामुळे आत्ताच काढलेली कडी परत चढवावी लागते, आणि ते सारखं करावं लागतं. वर्गातली बहुतेक मुलं तिथंच कंटाळून कड्या परत देत. घरी अप्पांशिवाय ते फक्त मला जमायचं.

सोलापूरच्या दवाखान्यात अप्पा आईला माझ्यासमोर म्हणाले होते, माझ्यामागं जोडवी काढायची नाहीत, ते आपलं नव्हे. आपलं नव्हे म्हणजे, ज्या धर्मातून आमचे आजोबा बाहेर पडले त्या धर्मातलं. पण गावी, मंठाळला परत आलो ते त्यांचं शव घेऊन, आणि अंगणात बायका जमल्या. त्यात नागूआत्या, अप्पांची थोरली बहीण. विहारात वंदनेला तीच सगळ्यांच्या आधी जाऊन बसते. आईच्या बांगड्या तिनं फोडल्या आणि जोडवीही तिनंच काढली. अप्पांचं म्हणणं मी तिच्या कानावर घातलं. दुखण्यातला माणूस काहीही बोलतो, असं तिनं उत्तर दिलं. जोडवी अप्पांच्या फोटोपुढच्या वाटीत ठेवली गेली. आज अस्थींबरोबर ती मांजरा नदीत सोडायची होती.

आईला खोटं बोलता येत नाही. जोडवी हरवली म्हणाली असती तर पुढच्या प्रश्नाला तिचा चेहरा पडला असता. अडकलीत म्हटलं तर ते खरं होतं.

कड्या फाशावरून उतरवलेल्या, मोकळ्याच होत्या. मी दोन्ही जोडवी फाशावर ओवून मुठीपर्यंत सरकवली आणि पुढं एकेक कडी चढवत गेले. हात चालत राहिले. शेवटची कडी चढली तेव्हा न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला होता.

आत्यानं वाटी पाहिली. आईनं कड्यांकडे बोट केलं.

“अडकलीत, अक्का.”

आत्यानं कड्या हातात घेतल्या, ओढून पाहिल्या, हलवल्या. जोडवी आत खुळखुळली. तिनं कड्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

“काढ.”

बाहेर जीप उभी होती. माझा भाऊ राजपाल अस्थींचं गाडगं पांढऱ्या फडक्यात बांधून दारात थांबला होता. मी ओट्यावर बसले आणि काढायला लागले. एक कडी उतरली. मग दुसरी. पहिली परत चढवली. बघणाऱ्याला कधीच कळत नाही की हे काम पुढं चाललंय की मागं. मला कळत होतं. थोडं पुढं जायचे आणि तेवढंच मागं यायचे. कड्यांचा आवाज सारखाच येत होता.

शेजारच्या कोंडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. “मास्तर गेले, पर गणित घालून गेले,” त्या म्हणाल्या. कुणीतरी हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला.

ऊन ओट्यावर आलं. माझी बोटं काळी झाली होती, त्यांना लोखंडाचा वास येत होता. थांबले असते तर सगळ्यांना कळलं असतं. उघडलं असतं तर आईची जोडवी पाण्यात गेली असती. आई उंबऱ्याशी बसून माझ्या हातांकडे पाहत होती. राजपालनं ड्रायव्हरकडून करवत आणू का विचारलं. आत्या नको म्हणाली, भावाच्या वस्तूला करवत लागणार नाही. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली, इतकी जवळ की तिच्या ओल्या केसांचं पाणी माझ्या बाहीवर पडत होतं. ती कड्यांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

“कामून दमायलीस, पोरी?” ती हळू म्हणाली. “मला कळायलंय.”

माझे हात थांबले.

“माझं लेकरू अंगावर पीत होतं तवा काढली माझी. ह्याच ओट्यावर. माझी कुणी लपविली न्हाईत.”

आईनं मान खाली घातली. आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, राजपालच्या हातातून गाडगं घेतलं आणि जीपमध्ये बसली. मागं वळून पाहिलं नाही.

जीप गेल्यावर बायका एकेक करून उठल्या. घर रिकामं झालं. मी कड्या घेऊन आईजवळ गेले आणि आता मोकळी करते म्हणाले. आता घाईही नव्हती, कुणी बघणारंही नव्हतं. मी पहिली कडी उतरवली.

आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

“नको.”

“आई, आता कुणी नेत नाही.”

“काढलीस तर मला घालावी लागतील. न्हाई घातली तर त्यांचा शब्द मोडला. घातली तर अक्काच्या पुढं कोणत्या पायानं उभी राहू?” तिनं माझा हात सोडला. “तितंच ऱ्हाऊ दे.”

मी उतरवलेली कडी परत चढवली.

तिनं कड्या फडताळात, अप्पांच्या चष्म्याच्या डबीमागं ठेवल्या. मग खाली बसली आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिच्या बोटांवर जोडव्यांच्या जागी पांढरे वळ होते, ते मला दिसू नयेत म्हणून. उद्या सकाळच्या उमरग्याच्या गाडीनं परत जायलीस का, तिनं विचारलं. मी व्हय म्हटलं. सबंध गावात माझ्याशिवाय त्या कड्या उघडणारं कुणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. शिकवते म्हटलं तर ती शिकली नसती. मी म्हटलं नाही.