मी 'धोटा' बोलतोय

नमस्कार पावणं! मी बोलतोय खरा, पण मला हात लावून बघता यायचं नाही. मी एक अल्बम आहे, आठ गाण्यांचा. माझं नाव 'धोटा'. मला जन्म देणाऱ्या बँडचं नाव 'आडवं वारं'. हे नाव ऐकून कोल्हापुरात आधी सगळे हसलेच होते.

माझे आईबाप तिघं. रुद्राणी गाणी लिहिते आणि गाते. ती गडहिंग्लजची, कोल्हापुरात शिकायला आलेली. गिटार सम्राटची. त्याचं जयसिंगपूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आणि ड्रम वाजवतो कृष्णात, इचलकरंजीत काकांच्या मागाच्या कारखान्यात वाढलेला. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. त्याच्या खटखटीवरच कृष्णातचा हात तयार झाला. माझं नाव त्यानंच ठेवलं.

मी जन्मलो मात्र दोनदा.

पहिल्यांदा पुण्यातल्या एका स्टुडिओत. थंडगार खोली, बाहेरचा एक आवाज आत येणार नाही अशी. रेकॉर्डिंग करणारा माणूस वाईट नव्हता, हुशार होता. त्यानं रुद्राणीचा आवाज घासूनपुसून सरळ केला. तिच्या ओळीत 'न्हाय' होतं, तिथं 'नाही' म्हणायला लावलं. मग कृष्णातचे ड्रम काढून त्या जागी कॉम्प्युटरमधले बसवले.

"कुणाला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "तुमचा ड्रमर मध्येच पुढे पळतो."

कृष्णात तिथंच मागं बसला होता. त्यानं सम्राटकडे पाहिलं. सम्राट मान खाली घालून गिटारच्या तारा पुसत राहिला. रुद्राणीनं गाण्यांच्या वहीत डोकं घातलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

कृष्णात इचलकरंजीला गेला तो परत सरावाला आलाच नाही. फोनही उचलेना. इकडे मी तयार झालो, अगदी गुळगुळीत. सम्राटनं मित्रांना ऐकवलं. "भारी झालंय की," म्हणाले आणि गाणं संपायच्या आत क्रिकेटवर बोलायला लागले. माणसं कशी असतात बघा, आवडलं नाही की आधी 'भारी' म्हणून मोकळी होतात.

एका संध्याकाळी रुद्राणीनं रंकाळ्याच्या काठावर बसून मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग सम्राटला फोन लावला.

"ह्यात मी न्हाय, तू न्हाय, कृष्णात तर न्हायच न्हाय. हे वाजवायलंय तरी कोण?"

"मग आता गं?"

"उद्या गाडी काढ."

दोघं इचलकरंजीला पोचले तेव्हा कारखान्यात सगळे माग धडधडत होते. तिथं ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नाही, त्यामुळं माफीसुद्धा ओरडूनच मागावी लागली.

"चुकलं आमचं!" रुद्राणी ओरडली.

"काय?"

"चुकलं म्हटलं! तुला न्यायला आलोय मी!" आमच्याकडच्या मुली 'आलेय' म्हणत नाहीत, 'आलोय'च म्हणतात.

बाकीचे कामगार वळून बघायला लागले. कृष्णातचा चेहरा लाल झाला. "मी पुढं पळतोय न्हवं?"

"तू पळ की! आम्ही येतोय मागनं!"

तो लगेच हसला नाही. तुटलेला धागा जोडला, माग चालू केला आणि मग हात पुसत बाहेर आला. सम्राटनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

हे सगळं दारात उभं राहून बघत होते कृष्णातचे काका, हंबीरराव. बँडवर त्यांचा राग. 'डबडी बडवायचा धंदा' म्हणायचे. पण त्या दिवशी म्हणाले, "सुट्टीला कारखाना मोकळाच असतोय. हितंच वाजवा काय वाजवायचं ते. कापडाला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो."

तिथं मी दुसऱ्यांदा जन्मलो. आवाज घुमू नये म्हणून तिघांनी सुताच्या गोण्या भिंतीला रचल्या. रुद्राणी तिच्या बोलीत गायली. सीमेपलीकडे कर्नाटकात दिलेल्या थोरल्या बहिणीसाठी तिनं लिहिलेल्या गाण्यात तर दोन ओळी कानडीतच आल्या. कृष्णात पुढं पळाला तिथं बाकीचे दोघंही पळाले. शेजारी कुणीतरी दुरुस्त केलेला माग चालवून बघत होतं, ती खटखटही माझ्यात आली. एका गाण्यात मध्येच खोकला ऐकू येतो, तो हंबीररावांचा. "काढून टाकू काय काका?" सम्राटनं विचारलं. "ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

आता मी इंटरनेटवर आहे. फार मोठा झालोय असं नाही. काही जण म्हणतात, आवाज खरखरतो. कोल्हापुरातल्या पहिल्या कार्यक्रमाला हॉल अर्धाच भरला, पण 'न्हाय' आलं की सगळा हॉल 'न्हाय' म्हणून ओरडला. परवा तर उसाच्या एका ट्रॅक्टरवर वाजलो. असले स्पीकर मला जन्मात मिळाले नव्हते. रुद्राणी, सम्राट रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बघत होते. कृष्णात मात्र त्याच्यामागं पळत सुटला होता.

तर पावणं, एवढंच मागणं आहे. मला ऐकाल तेव्हा हळू लावू नका. शेजारी दार वाजवतील. त्यांना आत घ्या.