चारशे एकोणतीस कोटींच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि जुन्या लोखंडी वस्तूंसारखा गंजण्याचा मानही मला मिळत नाही. एका रुग्णालयात कमी वजनाच्या बाळांची खोली आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या संगणकाच्या पोटात सगळ्या कामांना शिस्त लावणारा एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. मी त्याच्या हाताखाली आहे. माझे काम एकच, एकेकाने वाढत जायचे.

ऐकायला क्षुल्लक वाटते ना? पण नीट ऐका. खोलीत बारा पाळणे. प्रत्येक बाळाच्या पोटावर चिकटवलेली एक वायर संगणकापर्यंत येते. एक प्रोग्राम बाळांचे तापमान लिहितो, दुसरा ते वाचून पडद्यावर दाखवतो. दोघांनी एकाच वेळी एकाच पाटीवर हात घातला, तर अर्धे जुने आणि अर्धे नवे असे भलतेच काहीतरी वाचले जाईल. म्हणून लिहिणाऱ्याने लिहून झाले की मला एकाने वाढवायचे आणि वाचणाऱ्याने आधी मला बघायचे. मी मागच्यापेक्षा मोठा असेन, तर नवी खबर आली. नसेन, तर खबर जुनीच, गप्प बसायचे.

मला घडवले एका प्रोग्रामरबाईंनी. त्यांनी मला बत्तीस खण दिले, प्रत्येकात शून्य किंवा एक. तेवढ्या जागेत मी चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंचाण्णवपर्यंत मोजू शकतो. त्यापुढे जागाच नाही. आणखी एक पाऊल टाकले की मी थेट शून्यावर. बाईंना हे ठाऊक होते. पण त्या हसून स्वतःशीच म्हणाल्या, "एवढं मोजायला कोण बसलंय!" आणि पुढच्या कामाला लागल्या.

मी सेकंदाला शंभर पावले टाकायचो. सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. दर रविवारी वायरमन येऊन तासभर संगणक बंद करी, पंख्यातली धूळ काढी आणि पुन्हा सुरू करी. मी पुन्हा शून्यापासून चालू लागे. आठवड्याच्या मोजणीत माझे खण कधी भरलेच नाहीत, त्यामुळे माझ्यातली खोट कुणाला दिसली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

मग एक मोठी बॅटरी आली आणि संगणकावर कागद चिकटला, 'बंद करू नये'. एक वर्ष झाले, तरी आम्ही अखंड चालू. पाहुणे आले की मोठे डॉक्टर आमच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "एक मिनिटही बंद नाही!" खोटे कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. धूळ मात्र आता कुणीच पुसत नव्हते.

चारशे सत्त्याण्णवाव्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमारास, माझे खण भरले. मी शेवटचे पाऊल टाकले आणि शून्य झालो.

लिहिणारा लिहीतच होता. पण वाचणाऱ्याने मला पाहिले आणि तो बुचकळ्यात पडला. चारशे कोटींच्या पुढे गेलेला हा आता शून्य? म्हणजे लहान. म्हणजे खबर जुनी. तो शिस्तीत गप्प बसला. मी एक झालो, दोन झालो, हजार झालो, पण त्याच्या लेखी मी मागेच होतो. संगणक बंद पडला असता, तर भोंगा तरी वाजला असता. इथे पडदा छान उजळलेला होता आणि तीन नंबरच्या पाळण्यासमोर ३६.८ दिसत होते. त्याच पाळण्याच्या हीटरचा प्लग ढिला होऊन निसटला होता. मला ओरडता आले असते, तर मी घसा फाडून ओरडलो असतो.

तीन वाजता पाळी बदलली. जाणाऱ्या सिस्टरने वहीत नोंद केली, 'तीन नंबर स्थिर, अडीचपासून ३६.८'. येणाऱ्या मोठ्या सिस्टर तीस वर्षे बाळे सांभाळणाऱ्या. त्यांनी वही पाहिली, पडदा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अर्धा तास पॉइंटसुद्धा हलला नाही? बाळ आहे की दगड?"

त्यांनी पाळण्यात हात घातला. तळवे थंडगार होते. थर्मामीटर ३५.४ दाखवत होता. सिस्टरांनी बाळाला उचलले, धावत शेजारच्या खोलीत नेले आणि आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून दुलई घातली. आई काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "घट्ट धर गं, घाबरू नकोस. तुझ्याइतकी चांगली शेगडी आमच्याकडे नाही."

तासाभरात बाळ उबदार झाले आणि भुकेने रडू लागले. मित्रांनो, त्या रडण्याइतके गोड मी काही ऐकलेले नाही.

पण पडद्यावरचा विश्वास उडाला. बारा बाळे, तीन सिस्टर. दर पंधरा मिनिटांनी हाताने तापमान घ्यायचे. दोन दिवसांत त्यांच्या पायांचे तुकडे पडले. असे फार दिवस चालले, तर पुढची चूक दमलेल्या हातांकडून होणार, हे सगळ्यांना कळत होते.

प्रोग्रामरबाई आल्या. त्यांना बॅटरीवर खापर फोडता आले असते. त्या मोठ्या सिस्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे, सिस्टर. आकडा भरला की शून्य होतो, हे मला माहीत होतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं."

"आकडा शून्य झाला म्हणून काय बिघडलं, मॅडम?" सिस्टरांचा आवाज करडा होता. "बाराला पाजलेलं बाळ एकला रडलं, तर एक तास झाला हे मला कळतं. एक लहान आणि बारा मोठे म्हणून वेळ मागे गेली, असं मी म्हणत नाही."

"अगदी हेच मी त्याला शिकवलं नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी ते शिकवले. आता वाचणारा मी मोठा की लहान हे बघत नाही. तो माझ्यातून जुना आकडा वजा करतो आणि मी किती पावले पुढे आलो ते बघतो. शून्यातून तो भला मोठा आकडा वजा केला, की बत्तीस खणांत, घड्याळासारखे फिरून, उत्तर एक येते. एक पाऊल पुढे! शिवाय दहा सेकंद नवी खबर आली नाही, तर आता भोंगा वाजतो.

पण दुधाने तोंड पोळलेल्या सिस्टर ताकही फुंकून पिणाऱ्या. "आणि हे बरोबर चालतं हे कळायला आणखी सव्वा वर्ष थांबू?"

मग बाईंनी एक गंमत केली. मला शून्यापासून सुरू करायचे सोडून, शेवटाच्या तीस हजार पावले अलीकडे उभे केले. म्हणजे संगणक सुरू झाल्यावर बरोबर पाच मिनिटांनी माझे खण भरणार.

भर सकाळी, रिकाम्या पाळण्यात गरम पाण्याची पिशवी ठेवली. तिला वायर चिकटवली. सगळ्या जणी पडद्यासमोर उभ्या. पिशवी निवत होती, ३९.४, ३९.३. माझी मात्र पाचावर धारण बसली होती. शेवटची शंभर पावले. शेवटचे एक. मी शून्य झालो.

पडद्यावर ३९.२ आले. मग ३९.१.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "परत दाखव गं, पोरी." तीनदा दाखवल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने बाळाच्या पोटावर वायर चिकटवली. वर बजावलेही, "पडदा बघायचा, पण तळव्याला हात लावायचाच."

मित्रांनो, तुमच्या कामालाही कुठेतरी शेवटचा खण असेल. तो लांब आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका. उजेड असताना, जाणती माणसे जवळ असताना, मुद्दाम तिथवर जाऊन या. बाईंनी माझी सुरुवात कायमची तिथेच ठेवली आहे, त्यामुळे आता संगणक सुरू झाला की मी पाचव्या मिनिटाला सगळ्यांसमोर शून्य होतो. खोलीत तेव्हा बाळे झोपलेली असतात, आणि कुणाचीही झोप मोडत नाही.