दाखला येईपर्यंत

पहिला मार वेल्डरला मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बसला. कारखान्याच्या मागे, रिकाम्या सिलिंडरांजवळ, मेहुण्याने त्याच्या पोटात गुडघा घातला आणि तो वाकल्यावर मानेवर कोपर मारलं. वेल्डर उठला, कपडे झटकले आणि कामावर गेला. त्याने हात उचलला नाही.

का उचलला नाही, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. कुशल कामगार म्हणून परदेशात जाण्यासाठी त्याने अर्ज केला होता. भाषेची परीक्षा झाली होती, अकरा वर्षांच्या अनुभवाचं पत्र हातात होतं. एजंटाच्या यादीतली दोन कलमं उरली होती. एक, पुढच्या मंगळवारची वेल्डिंगची चाचणी. दुसरं, घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचा पोलीस दाखला, म्हणजे त्याचा आणि बायकोचाही. दाखल्यावर मारामारीची साधी नोंद निघाली, तरी अर्ज बाद.

मेहुण्याला सगळे पक्कड म्हणत. फिटर होता. त्याने धरलेलं काही सुटत नसे, नट असो की मनगट. तो वेल्डरच्या बायकोचा थोरला भाऊ. अर्ज भरायला दोघं एकत्रच गेले होते. पक्कडचे कागद चाळून एजंट म्हणाला होता, "तुमच्या नावावर केस आहे. तुमचा विषय संपला." मग वेल्डरकडे वळून, "तुम्ही बसा."

ती केस सात वर्षांपूर्वीची. कारखान्याच्या फाटकात एका ट्रक ड्रायव्हरशी भांडण झालं आणि कुणीतरी फेकलेल्या पान्याने ड्रायव्हरचा जबडा मोडला. पाना वेल्डरने फेकला होता. बहिणीच्या आणि वेल्डरच्या लग्नाला तीन आठवडे होते, म्हणून पक्कड पोलिसांना म्हणाला, "मी." तो चार महिने आत होता. लग्नात बहिणीच्या पाठीशी उभा राहायला भाऊ नव्हता.

पहिल्या मारानंतर, बुधवारी, पक्कडने वेल्डरला जिन्यावरून ढकललं. गुरुवारी सगळ्यांसमोर थोबाडीत दिली.

"लागलं का हो, दाजी?" तो विचारी. "मग द्या की एक ठेवून. लग्नात केवढा मान घेतलात, आता थोडा हात चालवा."

बघणारे हसले. लेथवरचा म्हातारा म्हणाला, "साहेब परदेशी जाणार. इथली भांडणं त्यांना कशाला?"

वेल्डरच्या ओठाला तीन टाके पडले. बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, कामावर लोखंडी पट्टी उडाली.

"रोज पट्टीच उडते?" ती म्हणाली. "दादाचं काम आहे हे. मी बोलते त्याच्याशी."

"बोलू नकोस. तक्रार झाली की दोघांची नावं कागदावर येतात. दाखले यायला तीन आठवडे आहेत, तेवढे काढायचे."

"आणि त्याने हात मोडला तर?"

हात मोडला तर चाचणी गेली, एवढं वेल्डरलाही कळत होतं.

रविवारी सकाळी दोघं जमिनीवर कागद लावत बसले होते. पंख्याने उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर सरावाची पट्टी ठेवली होती: दहा मिलिमीटर पोलादाचे दोन तुकडे वेल्डरने जोडलेले, मग प्रेसमध्ये घोड्याच्या नालासारखे वाकवलेले. जोडाला तडा गेला नव्हता. चाचणीत हेच बघतात.

पक्कड न विचारता आत आला. कागद बघितले आणि त्यांच्यावरून चालत गेला.

"दादा, चप्पल काढ," बहीण म्हणाली.

"तू गप." त्याने वेल्डरला कॉलरला धरून उठवलं आणि दोन ठोसे बरगड्यांत घातले. "फॉर्मवर काय लिहिलंत, दाजी? कधी कुणाला मारलंय का, असं विचारतात ना?"

"'नाही' असं लिहिलंय," वेल्डर म्हणाला.

"वा!"

त्याने वेल्डरचं उजवं मनगट धरलं, बोटं दाराच्या फटीत, बिजागरीच्या बाजूला घातली आणि दार ओढलं. हाड मोडल्याचा आवाज आला. वेल्डर ओरडला. डावा हात मोकळा असूनही त्याने तो वापरला नाही. पक्कडने दार उघडलं आणि पुन्हा ओढायला हात घातला.

बहिणीने गठ्ठ्यावरची पट्टी उचलली आणि भावाला दोनदा मारलं. पहिला फटका गळ्याच्या हाडावर बसला, दुसरा कानामागे. तो अनुभवाच्या पत्रावर पडला. पत्र भिजून लाल झालं.

दवाखान्यात डॉक्टरने जखमा बघून पोलिसांना कळवलं. हवालदार वही घेऊन पक्कडच्या खाटेशी उभा राहिला. "कुणी मारलं?"

बायकोने तोंड उघडलं, पण तिच्याआधी वेल्डर म्हणाला, "मी." त्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं.

हवालदाराने त्या हाताकडे बघितलं, मग खाटेकडे. "तुम्ही सांगा. याने मारलं?"

"जिन्यावरून पडलो" एवढंच पक्कड म्हणाला असता, तर वहीत काही लिहिलं गेलं नसतं आणि नवराबायको दोघांचेही दाखले कोरे राहिले असते. बहीण त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"यानेच," तो म्हणाला. "लिहा."

दाखले वेळेवर आले. बायकोच्या दाखल्यावर नोंद नव्हती, वेल्डरच्या दाखल्यावर एक होती. एजंटाने फाईल परत केली. बायकोने ती कपाटात ठेवली आणि माहेरचा फोन घेणं बंद केलं.

सात आठवड्यांनी वेल्डर आणि पक्कड एकाच दिवशी कामावर आले. दुपारी पक्कड सिलिंडरांजवळ गेला. वेल्डर आधीच तिथे उभा होता.

"आता मार," पक्कड म्हणाला. "आता तुझं काय जायचं राहिलंय?"

उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नव्हती. वेल्डरने डाव्या हाताने मारलं. नाक फुटलं. दुसरा ठोसा गळ्याच्या नुकत्याच जुळलेल्या हाडावर बसला, आणि पक्कड खाली गेल्यावरही वेल्डर लाथा मारत राहिला. दारात सातआठ जण होते. या वेळी कुणी हसलं नाही. लेथवरच्या म्हाताऱ्याने त्याला मागून कवेत धरून ओढलं, तेव्हा तो थांबला.

पक्कडने रक्त थुंकलं, सिलिंडरला टेकून बसला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"स्वतःच्या नावावर मारायला सात वर्षं लावलीस," तो म्हणाला.