हिंदुरावांचा उजवा पंजा

मी एक जुना स्टिम्युलेटर आहे, मित्रांनो. नाव अवघड वाटलं तर सोडून द्या. चिंचवडच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मला सगळे ‘करंटची पेटी’च म्हणतात. जेवणाच्या डब्याएवढं अंग, दोन वायरी, त्यांच्या टोकाला दोन चिकट पॅड आणि पोटावर एक गोल बटण व करंट सुटला की लागणारा लाल दिवा. भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये माझा जन्म झाला. अंगाने लहान असलो तरी मिजास मोठी, हे आधीच कबूल करतो.

अर्धांगवायूत हात जागेवर असतो, पण मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. मग माझे पॅड हाताला लावतात. मी मज्जातंतूला हलका करंट देतो आणि मिटलेली मूठ उघडते. ते पाहून नातेवाईक म्हणायचे, “काय मशीन आहे!” मी फुगून जायचो. पुढे पडद्यावर आकडे दाखवणारं नवं मशीन आलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली. वर्षभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी नव्या मशीनला रांग लागली, म्हणून इथल्या फिजिओथेरपिस्ट करिष्मा मॅडमनी मला पुसून खाली घेतलं. समोर हिंदुराव बसले होते. चाकणच्या कंपनीत वीस वर्षं पत्रा कापायचा प्रेस चालवणारा माणूस, पण दोन महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेली होती. पाय सावरला, पंजा मात्र मिटलेलाच. दीड महिन्याने कंपनीचे डॉक्टर तो पंजा तपासणार होते. उघडला तर पुन्हा प्रेसवर, नाहीतर घरी.

“प्रेसवर न्हाई गेलो तर दिसभर करू काय?” असं ते पत्नीला, सोजरबाईंना, सारखं विचारायचे.

पहिल्याच दिवशी मी मूठ उघडून दाखवली. सोजरबाईंनी मला चक्क हात जोडले! पण तीन आठवडे झाले तरी पॅड काढले की मूठ पुन्हा मिटलेली. मी राबायचो आणि हिंदुराव खुशाल मोबाइलवर बातम्या बघत बसायचे. एकदा मॅडमची पाठ वळताच त्यांनी डाव्या हाताने माझं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. हाताला जोराचा हिसका बसला. मॅडम धावत आल्या.

“हिंदुरावकाका, हे काय केलंत?”

“वाढवला थोडा. करू द्या की पेटीला ओव्हरटाइम!”

“आणि तुम्ही नुसते बसणार? करंट आला की तुम्हीही जोर लावून पंजा उघडायचा, रोज सांगते मी. दोन्ही एकाच वेळी झालं तरच मेंदू शिकतो.”

“घरीबी आसंच, कुनाचं ऐकत न्हाईत,” सोजरबाईंनी तक्रार केली.

हिंदुरावांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, “म्हंजे आमच्या प्रेसवानी. दोन बटनं असत्यात, दोनी हातांनी एकदम दाबाया लागतात. एकच दाबलं तर प्रेस हलत न्हाई.” ते हसले. “आन् इतकं दिस मी एकच दाबत व्हतो!”

मी मनात म्हटलं, अरेच्चा! म्हणजे मीसुद्धा नुसतं एक बटणच की! मिजास उतरली, पण कामाला भलताच जोर आला. माझा लाल दिवा लागला की हिंदुराव दातओठ खाऊन पंजा उघडू लागले. कपाळावरून घाम ओघळायचा. मॅडम माझा करंट कमी कमी करत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझी ताकद घटत होती आणि मी खूश होतो.

तपासणीच्या दोन दिवस आधी मॅडमनी मला बंद करून टेबलाच्या कडेला सरकवलं.

“आता एकट्याने, काका.”

आधी अंगठा थरथरला. मग एकेक बोट सुटलं आणि सगळा पंजा उघडला! हिंदुरावांनी तो धाडकन टेबलावर ठेवला. सोजरबाई एकाच वेळी हसू आणि रडू लागल्या. बाकीच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा. माझ्यासारख्या पेट्या पुसून, नीट जपून वापरा. पण सगळं पेटीवर सोडू नका.

तपासणी झाली. परवा हिंदुराव कंपनीचा गणवेश घालून, सेकंड शिफ्टला जाता जाता पेढे घेऊन आले. मॅडमना पेढा दिला आणि निघताना मला दोनदा थोपटलं. उजव्या हाताने!