मुदत संपल्यावरचं कुलूप

“भांडायला जायचं असेल तर दोन घास खाऊन जा. उपाशी माणसाला राग आधी येतो आणि शब्द मागाहून सुचतात.”

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण सुनावणीच्या सकाळी शिवणकाम करणाऱ्या ताईंनी त्यांचं ऐकलं. दोन घास कसेबसे गिळून त्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारी सासरे, म्हणजे बाबा, हातात काठी.

करार वर्षाचा होता. वर्ष सरलं, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी घरमालकांचा अर्ज आला: मुदत संपली, पंधरा दिवसांत दोन्ही खोल्या रिकाम्या करा. मालक म्हणजे खालच्या दुकानातले कुलूपवाले काका. ताईंच्या जिवाला घोर होता तो बाबांचा. नजर गेल्यापासून बाबांनी हे घर पावलांनी पाठ केलं होतं. पलंगापासून मोरी सात, मोरीपासून खिडकी चार. पंधरा दिवसांत नवी जागा म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा आंधळं करणं.

“मुदतीनंतर मालकांनी तुम्हाला आपणहून ठेवून घेतलं, असं दाखवणारं काही आहे?” अधिकारी बाईंनी विचारलं. “असेल तर करार आणखी वर्षभर चालतो.”

होतं की! बाबा आत असताना कुलूप अडकलं, तेव्हा काका गिऱ्हाईक सोडून जिना चढत धावले होते. नवं कुलूपही त्यांनीच बसवलं. पण माणसाचा उपकार त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभा करायचा? ताईंची जीभ रेटेना.

बाई करारातली घराची स्थिती वाचू लागल्या. “खिडक्या ठीक. नळ ठीक. दाराचं कुलूप जुनं, अधूनमधून अडकतं...”

“खोडा ते!” काका ताडकन उठले. “माझ्या घराला अडकणारं कुलूप? लोक तोंडात शेण घालतील! मी स्वतः नवं बसवलंय. किल्लीला खाचसुद्धा पाडलीय, यांच्या अंगठ्याला सुलट बाजू कळावी म्हणून.”

“कधी बसवलंत?”

“गेल्या महिन्याच्या नऊ...” काकांचं तोंड उघडंच राहिलं.

“म्हणजे मुदत संपल्यावर तुम्हीच यांना नव्या किल्ल्या दिल्यात.”

“दिल्या,” काका पुटपुटले.

बाबा गंभीरपणे म्हणाले, “खाच मात्र झकास हो.”

“तुम्ही गप्प बसा!” काका कळवळले. अधिकारी बाईंनाही हसू आवरेना.

निकाल ताईंच्या बाजूने लागला, चांगला वर्षभराचा. बाबांना बाकावरच बसवून ताई रिक्षा बघायला बाहेर आल्या, तर पायरीवर काका डोकं धरून बसले होते. ताईंचा पाय पुढे पडेना.

“काका, एवढी कसली घाई होती?”

“लेक परत येतेय, पोरी. दोन मुलांना घेऊन, कायमची. आम्ही दोघं दुकानामागच्या खोलीत. तिला कुठे निजवू?”

“मग अर्जात का नाही लिहिलंत?”

“लेकीचं घर मोडलं, हे कागदावर कोण लिहितो?”

ताई त्यांच्या शेजारी बसल्या. देव माणसाला कधीकधी जिंकवतो तेही त्याची पारख करायला, असं त्यांना वाटून गेलं.

“वर्ष नको मला, काका. तीन महिने द्या. जागा मी शोधते. बाबांना रोज तिथे नेऊन आणीन. ती त्यांच्या अंगवळणी पडली की तुमचं घर मोकळं. तोवर लेकीला येऊ दे. शिवणाच्या खोलीत राहील ती.”

“हातात निकाल असताना?”

“शब्द देते.”

काकांनी बाही डोळ्यांना लावली. “डोळ्यांत किल्लीचा कीस गेला,” म्हणाले. कचेरीच्या पायरीवर कसला कीस असणार?

दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरची एक जागा रिकामी असल्याचं एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईंनी मशीन झाकलं आणि बाबांच्या पायांशी चपला ठेवल्या.

“आपण जिंकलो ना गं?” बाबांनी विचारलं.

“जिंकलो.”

“मग कुठे निघालो?”

“जागा बघायला.”

बाबांनी चपला चाचपल्या, पायात सरकवल्या आणि हात पुढे केला. ताईंनी तो धरला आणि दोघं जिना उतरू लागले.